डिझायनरच्या चरित्रात आधी गिऱ्हाईक शोध

तुझा प्रश्न थोडक्यात असा. विट्याजवळच्या गावात राहतेस, बारावी झाली, अप्लाइड आर्टला जायचं आहे. वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात, तमिळनाडूत. ते फोनवर एकच विचारतात, "चित्रं काढून पोट भरतं का?" त्यांच्यापुढं ठेवायला म्हणून तू नामांकित ग्राफिक डिझायनरांची चरित्रं वाचायला घेतलीस, तर सगळी न्यूयॉर्क-लंडनची निघाली. त्यातून सांगली जिल्ह्यातल्या मुलीनं काय उचलायचं, हे कळेना. शेवटी आणखी दोन गोष्टी विचारल्यास: मुंबईला जावंच लागेल का, आणि लॅपटॉप कुठला घेऊ.

मी सांगलीत पस्तीस वर्षं हेच काम करतो. पाट्या रंगवण्यापासून सुरुवात केली, मग स्क्रीन प्रिंटिंग, मग डीटीपी (संगणकावरची अक्षरजुळणी), आणि आता हळद, बेदाणा, गूळ, द्राक्षांच्या पेट्या यांचं पॅकिंग. पुरस्कार एकही नाही. पण मार्केट यार्डात कुठल्याही पेढीवर गेलीस तर दोन-चार पिशव्या माझ्या हातच्या निघतील. तेवढ्या जोरावर सांगतो.

तू पाठवलेली यादी बघितली. प्रत्येक नावापुढं एक लोगो आणि एक साल लिहिलं आहेस. चरित्र असं वाचलं की हाताला काही लागत नाही. लोगो तर सगळ्यांनाच दिसतो. वाचताना दोन गोष्टी शोध. वीस ते तीस या वयात हा माणूस पोटासाठी काय करत होता? आणि त्याच्यासमोर टेबलाच्या पलीकडं बसून "हो, हेच छापा" म्हणणारा माणूस कोण होता? त्या दुसऱ्या माणसाचं नाव बहुतेक लेखांत एका ओळीत उरकलेलं असतं. माझ्या मते निम्मं चरित्र तिथंच असतं.

तुझ्या यादीतला पहिला पॉल रँड. आयबीएमचं चिन्ह त्याचं (१९५६ चं, आणि आठ पट्ट्यांचं जे आज दिसतं ते १९७२ चं), यूपीएसचं त्याचं, एबीसी टीव्हीचं त्याचं. जन्म १९१४ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या कर्मठ ज्यू घरात. मूळ नाव पेरेट्झ रोझेनबाउम. वडिलांचं किराणा दुकान होतं आणि दुकानाच्या पाट्या हा पोरगाच रंगवायचा. आता पुढचं नीट वाच, वडिलांना फोनवर वाचून दाखवलंस तरी चालेल. रँडच्या वडिलांनाही चित्रकलेवर पोट भरेल असं वाटत नव्हतं. त्यांनी त्याला दिवसा रीतसर शाळेत घातलं, आणि तो रात्रीच्या वर्गांना प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन चित्रकला शिकला. म्हणजे तुमच्या घरातला वाद नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी ब्रुकलिनच्या एका वाण्याच्या घरातही तो झाला होता.

आयबीएमचं काम रँडकडं आलं ते थोरल्या वॉटसनचा मुलगा थॉमस वॉटसन कारभार बघायला लागल्यावर. कंपनीचं सगळं रूप बदलायचं या मुलानं मनावर घेतलं, एलियट नॉइस नावाच्या वास्तुरचनाकाराला सल्लागार नेमलं, आणि नॉइसनं रँडला आणलं. पुढं अनेक वर्षं रँड त्याच कंपनीचं काम करत राहिला. त्याच्या करिअरचं खरं वळण हे आहे. एक गिऱ्हाईक मिळालं, ते टिकलं आणि त्यानं त्याला कामात मोकळं सोडलं.

आणि ती स्टीव्ह जॉब्सची गोष्ट तू मोठ्या कौतुकानं लिहिली आहेस. १९८६ साली नेक्स्ट या नव्या कंपनीसाठी जॉब्सनं त्याच्याकडं चिन्ह मागितलं, रँडनं एक लाख डॉलर घेतले, आणि पर्याय दाखवायला साफ नकार दिला. तुमची अडचण मी सोडवून देतो, तुम्ही पैसे द्या, वापरायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, असा त्याचा हिशेब. गोष्ट खरी आहे. पण तेव्हा रँड सत्तरीला पोचलेला होता आणि आयबीएमची तीस वर्षं त्याच्या पाठीशी उभी होती. ही गोष्ट वाचून मी एकदा अंगात आणलं होतं. एका व्यापाऱ्याला एकच डिझाइन दाखवलं आणि गप्प बसलो. तो पण गप्प बसला. मग चहा संपवून म्हणाला, "बरं, बाकीची दाखवा." नाहीत म्हटल्यावर शेजारच्या गल्लीत गेला. आता मी तीन दाखवतो. त्यातलं दुसरं मला स्वतःला हवं असतं.

यादीतला यान चिखोल्ड मात्र नीट वाच. तो लाइपझिगच्या पाटी रंगवणाऱ्याचा मुलगा, जन्म १९०२ चा. अक्षरं घरातच शिकला. पंचविशीत त्यानं छपाईचा सगळा जुना संसार मोडीत काढायचा पुकारा केला आणि १९२८ मध्ये नव्या टायपोग्राफीवर, म्हणजे छापील अक्षरांच्या मांडणीवर, पुस्तक लिहिलं: मध्यावर मांडणी नको, नक्षी नको, अक्षरं साधी. १९३३ साली नाझींनी त्याला अटक केली, सुटल्यावर तो स्वित्झर्लंडला गेला. आणि तिथं हळूहळू त्याचं स्वतःशीच बिनसलं. आपल्या तरुणपणीच्या कडक नियमांत हुकूमशाहीचाच वास आहे असं तो म्हणायला लागला. १९४७ साली पेंग्विन प्रकाशनाच्या ॲलन लेननं त्याला इंग्लंडला बोलावलं. दोन-अडीच वर्षांत त्यानं काय केलं, तर कंपोझिटरांसाठी (छपाईचे खिळे जुळवणाऱ्यांसाठी) चार पानांचे नियम लिहिले. शब्दांमधली जागा किती, स्वल्पविरामानंतर किती, मोठ्या अक्षरांत अंतर किती. आणि पाचशेच्या वर पुस्तकांची मांडणी एकेक करून तपासली. पेंग्विनचं चिन्हही त्यानं नव्यानं रेखाटलं, पण मुख्य काम म्हणजे मोकळ्या जागेची शिस्त. मला हे काम त्याच्या सगळ्या बंडापेक्षा मोठं वाटतं. अर्थात हे मत पिशवीवर बारीक अक्षरांत 'निव्वळ वजन' बसवत आयुष्य काढलेल्या माणसाचं आहे.

पाटी रंगवणारे आणि किराणा दुकान मी मुद्दाम पुढं आणतोय. यातल्या कितीतरी जणांच्या हातात डिझाइन यायच्या आधी अक्षर आलं होतं. आपल्याकडं तेच. ते कसं येतं, हे एका शब्दावरून दाखवतो.

मिरजेच्या एका पेंटरकडं मी उमेदवारी केली. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. पहिले दोन महिने काम म्हणजे ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुणं आणि दोरी धरणं. खडूची पूड लावलेली दोरी दोघांनी दोन टोकांना ताणायची, मध्ये चिमटीत धरून सोडायची, फटकन पत्र्यावर रेघ उमटते. ती शिरोरेषा. त्याखाली दुसरी रेघ अक्षरांच्या पायाची. मग उस्ताद म्हणाले, "हळद लिही." मी म्हटलं, सोपं आहे. पंधरा दिवस गेले.

तू आत्ता कागदावर मोठ्या अक्षरात 'हळद' लिही आणि बघ. ह, ळ, द. तिन्ही अक्षरांना उभा दंड नाही. 'बेदाणा' लिहिलास तर दंड मिळतात, शब्द जमिनीवर पाय रोवून उभा राहतो. 'हळद' मात्र शिरोरेषेला वाळत घातलेल्या कपड्यांसारखा लोंबतो. ह ची शेपटी खाली जाते, ळ दोन्ही बाजूंना फुगतो, द चं टोक तिरकं होऊन उजवीकडं निसटतं. अंतर पट्टीनं सारखं ठेवलंस तर ह आणि ळ भांडल्यासारखे जवळ दिसतात आणि ळ नंतर खिंडार पडतं. म्हणून अंतर मोजून ठेवायचं नसतं. दोन अक्षरांच्या मधल्या पोकळीत पाणी भरलं तर ते सगळीकडं सारखं मावलं पाहिजे, असं उस्ताद सांगायचे. मग ळ थोडा बारीक करायचा, द ची मान किंचित लांबवायची, ह चं पोट आत घ्यायचं. सोळाव्या दिवशी उस्तादांनी पाटी लांब भिंतीला टेकवली, डोळे बारीक करून बघितलं, म्हणाले, "लटकतोय, पण पडत नाही." एवढंच. तो पत्रा अजून माझ्याकडं आहे, गंजलाय.

हळदीच्या पेठेत राहून हळदच लिहिता येत नसेल तर काय उपयोग? आजही नवीन पोरगा कामाला आला की मी त्याला फॉन्ट निवडू देत नाही, पहिला शब्द हाच लिहायला लावतो.

हे कळलं की कमल शेडगे यांचं काम तुला वेगळं दिसायला लागेल. जन्म १९३५, निधन २०२०. टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात नोकरीला होते. १९६२ साली महाराष्ट्र टाइम्स निघाला, त्याच्या मथळ्याची अक्षरं त्यांची. पण सांगलीसारख्या नाटकाच्या गावातली माझ्या वयाची माणसं त्यांना ओळखतात ती वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींवरून. जाहिरात एक कॉलम रुंद, कागद भुरका, छपाई एका रंगाची, फोटोला जागा नाही. मग नाटकाचं नावच नट करायचं. विनोदी असेल तर अक्षर हसलं पाहिजे, ऐतिहासिक असेल तर त्यानं ढाल-तलवार न काढता दरारा दाखवला पाहिजे. दर नाटकाला नवं अक्षर. मी त्या जाहिराती कापून वहीत चिकटवायचो. त्यांचं गिऱ्हाईक कोण, तर नाट्यनिर्माता. पैसे कमी, वेळ त्याहून कमी, आणि रविवारी प्रयोग. तरी त्या घाईतून एक अख्खी शैली उभी राहिली. टाइम्सच्या नोकरीबरोबर हे बाहेरचं काम वर्षानुवर्षं चाललं, हेही ध्यानात घे.

आता र. कृ. जोशी. तुझ्या यादीत ते नाहीत आणि तू तुझा प्रश्न ज्या संगणकावर टाइप केलास त्यात ते बहुधा आहेत. विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांचा, विंडोज २००० बरोबर आला. जन्म १९३६ चा. आयुष्याचा पहिला भाग जाहिरातीत, उल्का या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक. मग १९८३ पासून पवईच्या आयआयटीत आयडीसी या डिझाइन विभागामध्ये शिकवलं. तिथून निवृत्त झाल्यावर एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेत बसून भारतीय लिप्या संगणकात नीट कशा बसतील यावर काम. शिवाय कवी, सुलेखनकार. २००८ मध्ये गेले. त्यांच्या कामाची किंमत मला एका फजितीमुळं कळली.

साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका हळद कारखानदाराच्या दहा हजार पिशव्या छापायच्या होत्या. त्या काळात आमचे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले मराठी तुकडे. एका बटणावर क, दुसऱ्यावर काना, तिसऱ्यावर अर्धा ध. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच. जोडाक्षर हवं असेल तर त्याचा तयार तुकडा कुठल्या आकड्याखाली दडवलाय ते पाठ पाहिजे. भिंतीवर तक्ता चिकटवलेला असायचा. मी फाइल दिली, छापखान्यात तो फॉन्ट नव्हता, सगळी मराठी उडून नुसती अगम्य चिन्हं उमटली. रात्री अकराला तिथंच बसून मी दुसऱ्या फॉन्टमध्ये सगळं पुन्हा टाइप केलं. 'शुद्ध' मधला 'द्ध' काही सापडेना. अर्धा ध हाताशी होता, पुढं द मारला, झाला 'शुध्द'. दिसायला बरा दिसला. दहा हजार पिशव्यांवर 'शुध्द हळद'. आठवड्याभरानं एका निवृत्त मराठीच्या बाईंचं पोस्टकार्ड कारखानदाराला आलं: हळद शुद्ध असेल, भाषा नाही. चूक माझी होती, पुढच्या खेपेची प्लेट मी माझ्या पैशानं काढून दिली.

जोशी आणि त्यांच्यासारख्यांनी जे केलं ते नेमकं इथं उपयोगी पडलं. युनिकोडमध्ये तू द टाइप करतेस, पायमोड देतेस, ध टाइप करतेस. संगणकाला अक्षरांचा क्रम कळतो, आणि त्या क्रमाला कुठलं रूप द्यायचं हे फॉन्टच्या आत लिहिलेलं असतं. फाइल दुसऱ्या यंत्रावर गेली तरी अक्षर फार तर वेगळं दिसेल, बदलणार नाही. 'शुध्द' अजूनही लोक लिहितात म्हणा, पण आता तो दोष ज्याचा त्याचा. मंगल दिसायला देखणा आहे असं मी म्हणणार नाही, पिशवीवर मी तो कधीच वापरला नाही. पण त्याच्यामुळं सातबारापासून प्रेमपत्रापर्यंत मराठी पडद्यावर आली. जोशींचं गिऱ्हाईक आधी जाहिरात देणाऱ्या कंपन्या होत्या, शेवटी मराठीत टाइप करणारा प्रत्येक जण झाला. तू पण.

सुलेखनकार अच्युत पालव यांचं नाव तुझ्या यादीत आहे, २०२५ च्या पद्मश्रीमुळं असेल. त्यांच्याबद्दल एकच सांगतो, मोडीच्या अभ्यासातून त्यांची मुक्तलिपी आली. तुझ्या घरी आजोबांच्या वेळचे जमिनीचे मोडीतले कागद असतील तर रद्दीत देऊ नकोस.

आता आपल्या जिल्ह्याकडं ये. न्यूयॉर्कवाले आपले वाटत नाहीत म्हणतेस ना? विट्याहून पलूसकडं ये, पुढं किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले होते ते चित्रकार व्हायला. रंगांधळेपण निघालं, काही रंगच ओळखू येईनात. दुसरा कोणी असता तर घरी परत आला असता. त्यांनी रंग सोडला आणि रेघ धरून ठेवली: यंत्रांची रेखाटनं शिकले, व्हीजेटीआयमध्ये तीच शिकवली, आणि पुढं नांगर केला. १९१० साली औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनजवळचं निवडुंगानं भरलेलं माळरान दिलं, तिथं कारखाना झाला. हे राजेसाहेब स्वतः चित्रकार, औंधचं भवानी संग्रहालय त्यांचं. तिथं हेन्री मूर या नामवंत इंग्रज शिल्पकाराचं शिल्प आहे हे साताऱ्यातल्या लोकांनाही सांगावं लागतं. एक दिवस काढून जाऊन ये.

नांगर झाला, पण विकायचा कसा? लोखंडी नांगरानं जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. इथं लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर येतात, ज्यांना सगळे 'शंवाकि' म्हणायचे. जन्म १८९१. चित्रकला शिकलेला माणूस, काकांच्या कारखान्यात जाहिरातीचं काम बघायला लागला. १९२० साली त्यांनी वाडीतून 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याची माहिती आणि मालाची ओळख देणारं पत्रक. मुखपृष्ठ, चित्रं, मांडणी, मजकूर सगळ्यावर त्यांची नजर. त्याचं पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं, मग १९३० मध्ये 'स्त्री', १९३४ मध्ये 'मनोहर'. माळरानावरच्या एका कारखान्याच्या छापखान्यातून निघालेली मासिकं महाराष्ट्रभर मध्यमवर्गाच्या घरात गेली. आज याला लोक ब्रँडिंग, कंटेंट वगैरे म्हणतात. तेव्हा ते नांगर खपवणं होतं, आणि नांगर खपवता खपवता त्यांनी वाचक तयार केला. त्यांचं आत्मचरित्र कुठल्याही जुन्या वाचनालयात मिळेल. मुंबई-न्यूयॉर्कच्या आधी ते वाच. ग्राफिक डिझायनर हा शब्द त्यात शोधू नकोस. काम तेच आहे.

त्याच्याही मागं जायचं तर मिरज. १८०५ साली मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयानं तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून भगवद्गीता छापली गेली. सुट्या खिळ्यांचं देवनागरी मुद्रण आपल्याकडं रुळायच्या कितीतरी आधी. कोरणारा तांबट होता. छापायचं म्हणजे प्रत्येक अक्षर उलटं कोरायचं, आरशातल्यासारखं. मी एकदा लिनोच्या तुकड्यावर उलटा 'श्री' कोरून बघितला होता. एका 'श्री'ला अर्धा दिवस गेला आणि वेलांटी चुकलीच.

वडिलांना सांगायला आणखी एक माणूस देतो. वसंत सरवटे. कोल्हापूरचे, जन्म १९२७. शिक्षणानं सिव्हिल इंजिनिअर, एसीसी सिमेंटमध्ये नोकरी केली, आणि सगळी व्यंगचित्रं, 'ललित'ची मुखपृष्ठं, पुलंच्या पुस्तकांची चित्रं त्या नोकरीच्या बरोबरीनं. इंजिनिअर हो असं मी सांगत नाही. पण वडील म्हणतात त्या आणि तुझ्या वाटेत भिंतच आहे असं समजू नकोस. उलट दीनानाथ दलालांनी पूर्णवेळ हेच केलं. गोव्याहून मुंबईला आले, जे. जे. त शिकले, १९४५ मध्ये स्वतःचं 'दीपावली' वार्षिक काढलं आणि मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर एक काळ राज्य केलं. ते स्वतःच स्वतःचं गिऱ्हाईक झाले, हा त्यातला धाडसाचा भाग.

पैशाचं. कॅरोलिन डेव्हिडसन ही पोर्टलंडमधली विद्यार्थिनी, १९७१ साली तिनं नाइकेची ती वळणदार खूण काढली. तासाला दोन डॉलर ठरले होते, बिल झालं ३५ डॉलर. बारा वर्षांनी, १९८३ मध्ये, कंपनीनं तिला शेअर आणि एक अंगठी दिली. दुसरीकडं मिल्टन ग्लेसरनं १९७६-७७ च्या सुमारास न्यूयॉर्कसाठी ते बदामाचं चिन्ह टॅक्सीच्या मागच्या सीटवर बसून खरडलं आणि एक पैसा घेतला नाही. लोक या दोन्ही गोष्टी एकत्र सांगून "पैशाच्या मागं लागू नये" असं काहीतरी काढतात. मला ते पटत नाही. ग्लेसर तेव्हा वीस-बावीस वर्षं या धंद्यात होता, त्याला फुकट देणं परवडत होतं. कॅरोलिनला परवडत नव्हतं म्हणूनच तिनं तास मोजले, आणि बरोबर केलं.

सांगलीत तुला ऐकू येईल ते असं: "छपाई तुमच्याकडंच करतो की, डिझाइनचे कसले पैसे?" मी सुरुवातीला त्याच्याशी वाद घालायचो. मग बिलावर एक वेगळी ओळ लिहायला लागलो, 'अक्षरलेखन व मांडणी', पुढं रक्कम एक्कावन्न रुपये. बहुतेक जण ती ओळ खोडायचे. मी पुढच्या बिलावर परत लिहायचो. तीन-चार वर्षांनी एका बेदाणावाल्यानं न खोडता पैसे दिले, आणि खाली पेननं विचारलं, पुढच्या वेळी फक्त एवढंच करून द्याल का, छपाई आम्ही शिवकाशीला करतो. आज त्याच ओळीवर माझं दुकान चालतं. त्या बेदाणावाल्याचा मुलगा आता काम देतो. सत्तावीस वर्षं झाली.

पॉला शेर हिनं सिटी बँकेचं चिन्ह बैठकीतच कागदी रुमालावर काढलं, हेही तू लिहिलंयस. खरं आहे, १९९८ चं. पण ही गोष्ट मार्केट यार्डात सांगू नकोस. "पाच मिनिटाचे एवढे पैसे?" असं उलट विचारतील. शेरनं त्याआधी सीबीएस रेकॉर्ड्समध्ये वर्षानुवर्षं तबकड्यांची वेष्टणं केली होती. वीस ते तीस वयाचा हिशेब तिथं मांड.

मुंबई. शिकायला जा, नंबर लागला तर नक्की जा. बीएफएची प्रवेश परीक्षा दे, जे. जे. अप्लाइडला पहिली पसंती ठेव. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा झाल्या असतील असं धरतो. तिथं शिकवणाऱ्यांपेक्षा बरोबरीची पोरं जास्त शिकवतात, आणि मोठ्या शहरात काम कसं वाहतं ते कळतं. नंबर नाही लागला तर सांगली-कोल्हापुरात कला महाविद्यालयं आहेत, रडत बसू नकोस. पुढं कुठं राहायचं ते गिऱ्हाईक ठरवेल. मला इथं हळदवाले सापडले म्हणून मी इथं. मुंबईत असतो तर कदाचित सिनेमाची पोस्टरं केली असती, कदाचित काहीच नाही.

लॅपटॉप आत्ता घेऊ नकोस. सुझन केअरचं नाव तुझ्या यादीत घाल. शिल्पकला करणारी बाई, एका संग्रहालयासाठी लोखंड जोडून रानडुक्कर बनवत होती, तेव्हा शाळेपासूनच्या मित्राचा ॲपलमधून फोन आला. संगणकावर तिनं आधी काही काढलेलं नव्हतं. त्यानं सांगितलं, चौकटीची वही घे. तिनं अडीच डॉलरची वही घेतली आणि बत्तीस गुणिले बत्तीस चौकटी भरत पहिल्या मॅकिंटॉशची चिन्हं काढली. एक चौकट म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. भरतकाम आणि मोझेकची सवय तिला तिथं कामाला आली. तू ठिपक्यांची रांगोळी काढत असशीलच.

तेव्हा विट्यातून चौकटीची वही आण, गणिताची चालेल. मधला सपाट ब्रश, एक काळी पोस्टर कलरची बाटली आण. 'हळद' काढ, अंगठ्याएवढा आणि दारावरच्या पाटीएवढा, दोन्ही. दारावरचा लिहिताना दोरी धरायला कुणीतरी लागेल. वडील दिवाळीला गावी येतीलच, दुसरं टोक त्यांच्या हातात दे.